'रिप्लेस' लिहावे की 'सब्स्टिट्यूट'?

सोलापुरातून परदेशी ग्राहकाला टॉवेलच्या मागणीतील बदल कळवताना यांपैकी कोणता शब्द वापरावा, असे कोणी विचारल्यास मी बिनदिक्कत 'रिप्लेस' सांगेन, आणि त्याचे कारण अर्थापेक्षा शब्दक्रमात आहे.

'रिप्लेस व्हाइट विथ ब्लू' यात जाणारा पांढरा आधी येतो व येणारा निळा नंतर. 'पांढऱ्याच्या जागी निळा' हा आपला क्रमही तोच असल्याने चुकायला वाव राहत नाही. 'सब्स्टिट्यूट ब्लू फॉर व्हाइट' याचा अर्थ अगदी तोच असला, तरी येथे येणारा रंग आधी लिहिला जातो. शाळेत 'फॉर' म्हणजे 'साठी' असे घोकलेले असते. येथे मात्र तो 'ऐवजी' असतो, आणि हे ध्यानात आले नाही तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या टोकाची निळी पट्टी विणायची सोडून बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, पांढऱ्या सुताच्या कांड्या लागतात. त्यातच हल्ली इंग्रज मंडळीही 'सब्स्टिट्यूट' नंतर 'विथ' लिहू लागली आहेत, आणि तसे लिहिले की क्रम पुन्हा उलटतो. फुटबॉलमध्ये तर 'सब्स्टिट्यूट केला' तो खेळाडू मैदानाबाहेर गेलेला असतो. ज्या क्रियापदाचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे पुढच्या शब्दावरून ठरवावे लागते, ते मागणीपत्रात नसलेलेच बरे.

नाम म्हणून मात्र दोघांची कामे वेगळी आहेत. क्रिकेटमध्ये सब्स्टिट्यूट क्षेत्ररक्षण करतो, पण त्याला फलंदाजी वा गोलंदाजी करता येत नाही. उलट 2019 साली लॉर्ड्सवर डोक्याला मार बसलेल्या स्टीव्ह स्मिथच्या जागी आलेल्या मार्नस लाबुशेनने फलंदाजीही केली. वर्तमानपत्रांनी त्याला सब्स्टिट्यूट म्हटले, तरी नियमातला शब्द रिप्लेसमेंट असाच आहे.

व्यवहारातही हेच. खराब निघालेल्या टॉवेलबद्दल ग्राहक रिप्लेसमेंट मागतो, तेव्हा त्याला त्याच प्रतीचा, त्याच वजनाचा दुसरा नग हवा असतो. उत्तरात आपण 'सब्स्टिट्यूट पाठवतो' असे लिहिले, तर वेगळाच माल गळ्यात मारला जात असल्याची शंका त्याला येईल. ठरलेले सूत मिळत नसल्याने दुसरे वापरण्याची परवानगी मागायची असेल, तेव्हा मात्र 'सब्स्टिट्यूट' हाच प्रामाणिक शब्द होय.