लिंक्डइन : लहान कारखानदाराचा तीन वर्षांचा अनुभव

भोसरीच्या एमआयडीसीत माझा फिक्स्चर, म्हणजे यंत्रावर काम चालू असताना भाग घट्ट धरून ठेवणारी साधने, बनवण्याचा लहानसा कारखाना आहे. नवे काम हवे असेल तर मोठ्या कंपन्यांच्या पर्चेस खात्यात खेपा घालायच्या, गेटवर पास काढून ताटकळायचे आणि शेवटी व्हिजिटिंग कार्ड ठेवून परतायचे, हा क्रम वीस वर्षे अंगवळणी पडला होता. कामधंद्याच्या ओळखी जोडणाऱ्या लिंक्डइन या संकेतस्थळावर खाते उघडले ते मुलीच्या आग्रहामुळे. ५ मे २००३ रोजी सुरू झालेली आणि २०१६ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीची असलेली ही सेवा नोकरी शोधणाऱ्या तरुणांसाठी असते, असाच माझा समज होता.

पहिले वर्ष वाया गेले, आणि दोष माझाच होता. नावाखाली नुसते 'प्रोप्रायटर' लिहिले होते आणि दिवाळीच्या शुभेच्छांपलीकडे मी तिथे काही टाकत नव्हतो. पुढे मुलीने ती ओळ खोडून 'अ‍ॅल्युमिनियम कास्टिंगसाठी हायड्रॉलिक फिक्स्चर' असे लिहायला लावले. त्यानंतर मी एका पंप-हाउसिंगच्या फिक्स्चरचे छायाचित्र टाकले. पातळ भिंतीचा तो भाग क्लॅम्प केला की किंचित दबायचा आणि क्लॅम्प सोडला की बोअर, म्हणजे त्यातले कोरलेले भोक, गोल राहत नसे. आधार नेमका कुठे दिला आणि दाब किती टप्प्यांत आणला, एवढेच चार ओळींत मांडले होते. (ग्राहकाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय त्याच्या भागाचे छायाचित्र टाकू नये, ड्रॉइंग तर नाहीच नाही.)

आठवड्याभरात कोइमतूरच्या एका पंप कारखान्यातील अभियंत्याचा निरोप आला. हा गृहस्थ माझ्या ओळखीचा नव्हता. पूर्वी माझ्याकडून काम करून घेतलेल्या एका अधिकाऱ्याचा तो जुना सहकारी, आणि त्या अधिकाऱ्याने माझ्या मजकुरावर शेरा लिहिल्यामुळे तो मजकूर या अभियंत्याच्या नजरेस पडला. चार दिवसांनी ड्रॉइंग आले, मात्र ऑर्डर मिळाली ती दोन महिन्यांनी, त्यांची माणसे भोसरीला येऊन यंत्रे आणि तपासणीची उपकरणे स्वतः पाहून गेल्यावर.

जवळच्या मित्रांपेक्षा अशा लांबच्या ओळखी कामी येतात, हे मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच मांडले होते. लिंक्डइनच्याच सुमारे दोन कोटी सदस्यांवर केलेला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही साधारण तेच सांगतो, पण त्यात एक बारकावा आहे : अगदी पुसट ओळखीपेक्षा थोडेफार सामाईक परिचित असलेली ओळख नोकरी बदलताना अधिक उपयोगी पडते. त्यामुळे दिसेल त्याला कनेक्शनची, म्हणजे लिंक्डइनवर ओळख जोडण्याची, विनंती पाठवणे मी बंद केले. ज्याच्याशी निदान एकदा कामानिमित्त बोलणे झाले आहे, त्यालाच विनंती पाठवतो आणि सोबत दोन ओळी लिहितो.

नोकरीच्या बाबतीत मात्र सावधपणा हवा. डिप्लोमा झालेल्या माझ्या भाच्याला एका परदेशी कंपनीच्या नावाने निरोप आला. प्रोफाइल झकपक, भाषा सफाईदार, आणि मुलाखतीआधीच 'नोंदणी शुल्का'ची मागणी! कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील क्रमांकावर फोन केल्यावर तिथे अशी जागाच नसल्याचे कळले. प्रोफाइलवरील पडताळणीची खूण माणसाची ओळख तपासल्याचे सांगते, तो देऊ करत असलेली नोकरी खरी असल्याचे नव्हे.

पैसे भरून घ्यायची प्रीमियम सेवा मी महिनाभर विनामूल्य वापरून बंद केली. प्रोफाइल कोणी पाहिले याची मोठी यादी आणि अनोळखी लोकांना थेट निरोप पाठवण्याची सोय रोज नवी माणसे शोधणाऱ्या भरती सल्लागाराला परवडत असेल. वर्षाला पाच-सहा नवे ग्राहक पुरणाऱ्या माझ्यासारख्याला तिची गरज भासली नाही. शनिवारी संध्याकाळी मशीन पुसून झाली की अर्धा तास मी लिंक्डइनला देतो, आणि पर्चेस खात्याच्या खेपा अजूनही चालूच आहेत, फक्त आता गेटवर पोहोचण्याआधी आतल्या माणसाला माझे काम ठाऊक असते.