सुधारित डवऱ्याच्या नावाखाली मी फसलो, आणि माझ्या शब्दावर अजून अकरा जण

कापसाच्या डवरणीसाठी, म्हणजे ओळींमधलं तण काढायला, कोणी नवीन अवजार दाखवायला आला, बुकिंगचे पैसे मागायला लागला, किंवा तुम्हीच काही सुधारणा केली असेल आणि कोणी म्हणत असेल की मी पेटंट काढून देतो, तर आधी हे पूर्ण वाचा. मोठं आहे पण वाचा. माझे पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण माझ्यावर विश्वास ठेवून ज्यांनी पैसे भरले त्यांच्यासमोर उभं राहणं त्याहून जड जातंय.

आधी अवजाराबद्दल सांगतो, नाहीतर फसवलं नेमकं कुठं ते कळणार नाही.

आपला बैलांनी ओढायचा साधा डवरा म्हणजे एक आडवा सरळ फास, म्हणजे मातीत चालणारं पातं. कोरड्यात, बारीक तणात चांगला चालतो. पण पाऊस लागून राहिला, आठ-दहा दिवस रानात जाता आलं नाही आणि तण बोटभर झालं की सरळ फासापुढं काडीकचरा, हरळी सगळं गोळा होतं, फास वर उचलतो, आपण रुमण्यावर, म्हणजे धरायच्या मुठीवर, जोर देतो, बैल थांबतात, फास झटकायचा, परत चालायचं. एका ओळीत चार-चार वेळा. आणि कापूस सुरुवातीला फार हळू वाढतो, पहिले साठेक दिवस तणानं खाल्लं की नंतर कितीही खत टाका, गेलेलं परत येत नाही. त्यामुळं डवरणी चार दिवस मागं पडली तरी जीव वर-खाली होतो.

म्हणून मी दोन हंगाम खटपट करून एका सरळ फासाच्या जागी तीन छोटे व्ही आकाराचे फास बसवले. पुढं मधोमध 25 सेंटीमीटरचा, मागं दोन्ही बाजूंना 20-20 चे. मागचे दोन्ही फास पुढच्यावर 3-3 सेंटीमीटर चढवलेले, म्हणजे मधे तणाची पट्टी सुटत नाही. सगळं मिळून 59 सेंटीमीटर. ओळीत 90 चं अंतर असेल तर दोन्ही बाजूला साधारण 15 सेंटीमीटर रिकामं राहतं, तेवढं हातानं निंदायचं. व्ही आकारामुळं मुळं आणि कचरा घासत-घासत बाजूला सरकतो, पुढं गोळा होत नाही, आणि फास मागं-पुढं असल्यानं मधून कचरा निघायला जागा मिळते. रोपं लहान असताना बाजूला पत्र्याचे दोन पडदे लावायचे म्हणजे माती रोपावर पडत नाही, आणि पुढच्या डवरणीला पडदे काढून टाकायचे म्हणजे तीच माती बुडाशी जाऊन भर लागते. डवऱ्याच्या खोडाला, म्हणजे फास बसतात त्या आडव्या भागाला, लांबट भोकं पाडली होती, बोल्ट ढिला करून फास आत-बाहेर सरकवता येतो. बस एवढंच.

फास मात्र गाडीच्या जुन्या पाट्याचे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीचे, केले होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं सगळं हिच्यावरच आहे.

कोणीतरी ह्याचा व्हिडिओ काढला, तो फिरला, आणि पंधरा दिवसांत एक माणूस आला. बोलायला अतिशय गोड, आल्या-आल्या बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, मातीचं ढेकूळ उचलून चुरून बघितलं, म्हणाला दादा तुमच्यासारखी माणसं मागं राहतात आणि तिसराच कोणी कमावून जातो, मी तसं होऊ देणार नाही. त्याचं म्हणणं असं की ह्याचं पेटंट काढू, माझ्या वर्कशॉपला शंभर-दोनशे नग बनवू, प्रत्येक नगामागं तुम्हाला हिस्सा. फक्त पेटंटची फी, साच्याचा खर्च आणि टेस्टिंगची फी तुम्ही भरा, ती पहिल्या विक्रीतून परत. मी भरले. एका हंगामाच्या बियाण्या-खताला जेवढे लागतात तेवढे पैसे मी तीन हप्त्यांत त्याला दिले, दोन हप्ते रोख, पावती नाही.

महिन्यानं त्यानं एक कागद आणला. वर नंबर, तारीख, माझं नाव. म्हणाला घ्या, पेटंट झालं. मी तो कागद प्लास्टिकमध्ये घालून ठेवला, घरच्यांना दाखवला, चार लोकांना दाखवला.

तो कागद म्हणजे फक्त अर्ज केल्याची पोच होती. तोही तात्पुरता अर्ज. तात्पुरता अर्ज कोणी तपासत नसतं, तो फक्त तारीख धरून ठेवतो, त्यानंतर 12 महिन्यांच्या आत पूर्ण अर्ज करायचा असतो, मग तो प्रसिद्ध होतो, मग तपासणी, आक्षेप, उत्तरं, आणि हे सगळं पार पडलं तर पेटंट मिळतं, त्याला वर्षं लागतात. महिन्यात कोणालाही मिळत नाही. अर्जाचा नंबर वेगळा आणि मिळालेल्या पेटंटचा नंबर वेगळा, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला तिथंच थांबवलं असतं. ह्या माणसानं पूर्ण अर्ज कधी केलाच नाही, 12 महिने उलटले आणि तो कागद रद्दी झाला.

अजून एक. बऱ्याच देशांत अर्जाच्या आधी ती वस्तू लोकांसमोर आली असेल तर ती नवीन धरतच नाहीत, काही देशांत थोडी मुदत मिळते पण सगळीकडं नाही. माझा व्हिडिओ तर अर्जाच्या आधीच फिरलेला होता. जो माणूस स्वतःला ह्यातला जाणकार म्हणवतो त्याला हे माहीत नसणं शक्यच नाही, त्याला माहीत होतं आणि तरी त्यानं फी घेतली.

आणि जगात असं कोणी केलेलं नाही असं तो सारखं म्हणायचा. मी नंतर बसून शोधलं तेव्हा कळलं की ओळीत पेरून मधून जनावरानं ओढायचं अवजार चालवायचं ही गोष्ट इंग्लंडात जेथ्रो टलनं 18 व्या शतकातच लावून धरली होती, आणि कापसापुरतं म्हणाल तर अमेरिकेत हेन्री ब्लेअर नावाच्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यानं 1836 साली कापूस पेरायच्या यंत्राचं पेटंट घेतलेलं आहे. व्ही आकाराचे फास तर जगभरात कधीपासून वापरात आहेत. जुन्या पेटंटची मुदत संपलेली असते, ती कोणीही उघडून वाचू शकतो, त्यातलं घेऊन बनवू शकतो, कोणाला फी द्यावी लागत नाही. माझं म्हणता येईल ते फक्त तीन फासांची मांडणी आणि पडदे, आणि तेही कोणी आधी केलेलं नसेलच असं छातीठोक मी आज म्हणणार नाही. मला पेटंटची गरजच नव्हती, मला ते चांगलं बनवून लोकांपर्यंत जायला हवं होतं, आणि नेमकं तिथंच त्यानं मला पकडलं.

मग त्यानं डेमो ठेवला. ह्याबद्दल मी सविस्तर लिहितो कारण बाकीचे लोक इथंच फसले.

डेमोचं रान त्यानं निवडलं. वाफसा एकदम परफेक्ट, तण अगदी दोऱ्याएवढं, वरची माती आधीच भुसभुशीत. नंतर कळलं की दोन दिवस आधी तिथं एक हलकी पाळी मारलेली होती. अशा रानात काहीही ओढा, चालतंच, झाडाची फांदी ओढली तरी तण पडेल. ओळीतलं अंतर 120 होतं त्यामुळं रोपाला कुठं धक्का लागायचा प्रश्नच नाही. आणि ओढायला एकदम हलकं. सगळे म्हणाले काय हलकं चालतंय. हलकं चालत होतं कारण खोली ठरवणारं पुढचं चाक त्यानं इतकं खाली घेतलं होतं की फास जेमतेम एक सेंटीमीटर जात होता.

ह्याचा हिशोब साधा आहे, तुम्हीपण करून बघा. फासाची एकूण रुंदी गुणिले खोली, म्हणजे किती चौरस सेंटीमीटर माती कापतोय ते. माझे 59 सेंटीमीटर आणि खोली 4 धरली तर 236. हलक्या-मध्यम रानात चौरस सेंटीमीटरला 0.3 किलो ओढ धरा, 70 किलोच्या आसपास येतं. बैलजोडी दिवसभर आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढं साधारण आरामात ओढते, म्हणजे दोघांचं मिळून 800 किलो वजन असेल तर 80 किलो. म्हणजे 4 सेंटीमीटर जमतं, 5 केलं की 88 वर जातं आणि दुपारपर्यंत जोडी बसते. भारी काळ्या रानात तर ओढ अजून वाढते, तिथं बाजूचे फास काढून अरुंद चालवावं लागतं. एक सेंटीमीटरवर ही ओढ 18 किलोपण नाही, मग हलकं लागणारच. पण एक सेंटीमीटरवर हरळी मरत नाही, लव्हाळ्याची गाठ तर जागची हलतसुद्धा नाही.

मी तिथं उभा होतो. मला चाक दिसत होतं. मी बोललो नाही, कारण मला वाटलं डेमोसाठी सोपं ठेवलं असेल. लोकांनी मला विचारलं, कसं आहे, घ्यावं का, आणि मी हो म्हणालो. अकरा जणांनी अर्धे पैसे तिथंच भरले.

नग आले डवरणी तोंडावर आल्यावर, म्हणजे परत करायला, भांडायला वेळच नाही अशा वेळी. झकपक रंग. पहिल्या दिवशी ठीक चालले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकानं फोन केला की धार गेली. मी जाऊन बघितलं तर फासाची कड बोटासारखी गोल झालेली. कानस घेतली आणि घासली, लोण्यासारखी आत गेली. साधं मऊ लोखंड. ह्यात कार्बन 0.25 टक्क्याच्या आत असतं, ते कितीही तापवा आणि पाण्यात बुडवा, कडक होत नाही. पाट्याच्या लोखंडात 0.5-0.6 च्या आसपास कार्बन असतं, तेलात विझवून परत थोडं तापवलं की धार टिकते. कानस बरोबर पाणी दिलेल्या, म्हणजे असं तापवून-विझवून कडक केलेल्या, फासावरून घसरते नाहीतर अवघड धरते, मऊ लोखंडात ती सरळ चावते. ग्राइंडरवर ठिणग्याही बघा, मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब सरळ जातात, फाटे कमी, आणि कार्बनवालं असेल तर ठिणगी पुढं जाऊन फुलासारखी फुटते. दोन मिनिटांचं काम आहे. पण फासाला रंग असेल तर दिसत नाही, आणि ह्यानं फासाच्या धारेपर्यंत रंग मारला होता. फासाच्या धारेला रंग कोणी मारतं का, जमिनीत गेला की पहिल्या तासातच निघणार आहे तो. हे मला त्याच दिवशी खटकायला हवं होतं.

लांबट भोकं नव्हतीच, फास थेट वेल्डिंगनं चिकटवलेले, म्हणजे 90 ची ओळ असो की 120 ची, अंतर तेच. पडदे इतक्या पातळ पत्र्याचे की ढेकूळ लागलं की आत वाकून रोपावरच घासायचे. एका भावाच्या रानात पडदा वाकला ते त्याच्या लक्षात यायच्या आत दोन ओळी रोपं साफ झाली. दुसऱ्यानं फास लागत नाही म्हणून चाक वर घेऊन खोल घातला, तेव्हा कापसाला पाती, म्हणजे फुलाच्या कळ्या, लागलेली होती, बाजूची वरची मुळं तुटली आणि चार-पाच दिवसांत पाती गळाली. कापसाची ती मुळं वरच्याच थरात पसरलेली असतात, त्या वयात ओळीजवळ खोल जायचंच नसतं.

त्या माणसाचा फोन आधी लागायचा, मग उचलायचा नाही, मग बंद. करारनामा काढून नीट वाचला, म्हणजे मी तो पहिल्यांदा वाचला, तर त्यात लिहिलेलं की डिझाइनचे सगळे हक्क त्याच्याकडं आणि मालाच्या दर्जाबद्दल तक्रार सात दिवसांत लेखी करायची. सात दिवस तर नग खोक्यातच होते.

तक्रार दिली आहे, पोच घेतली आहे. हप्त्यांपैकी एकच बँकेतून गेला होता त्यामुळं दाखवायला पुरावा तेवढाच, बाकी सगळ्यांनी रोख दिलेले. मेसेज मात्र सगळे जपून ठेवलेत, अकरा जणांचे एकत्र करून दिलेत. तुमच्याकडं असा कोणी आला असेल तर एवढं तरी करा की पैसे बँकेतून द्या, आणि डेमो तुमच्या रानात, तुमच्या बैलांवर, तुमच्या तणात घ्या, पाऊस पडून गेल्यावर पहिला वाफसा येईल त्या दिवशी. फूटपट्टी घेऊन खोली मोजा. नाही म्हणाला तर त्याला जाऊ द्या.

माझ्या शब्दावर ज्यांनी घेतलं त्यांचे फास मी बदलून देतोय. वेल्डिंग कापायचं, भोकं लांब करायची, पाट्याचे नवीन फास घडवून पाणी द्यायचं, पडदे जाड पत्र्याचे. एका नगाला दोन दिवस जातात. सात झालेत, चार राहिलेत. त्या चारपैकी एकानं सांगितलंय की राहू दे, मी जुन्याच डवऱ्यावर काढतो हंगाम. त्याचा आधी घेतलाय करायला.