ऑर्लँडोत एक हॉटेल की दोन? युनिव्हर्सलच्या मुक्कामाचा हिशेब

फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला युनिव्हर्सलची थीम पार्कं बघायला जायचं ठरलं की विमानाच्या तिकिटांनंतर पहिला वाद होतो तो हॉटेलवरून. घरातला एक पक्ष म्हणतो, ‘झोपायलाच तर जायचंय खोलीत, स्वस्तातलं घ्या.’ दुसरा म्हणतो, ‘एवढं लांब जातोय, तर जरा बरं घेऊ.’ तिसरा मार्ग आहे मुक्काम वाटून घेण्याचा: बहुतेक रात्री स्वस्त हॉटेलात आणि एकच रात्र महागड्या. माझा कल या तिसऱ्या मार्गाकडे आहे, पण सरसकट नाही. सहलीच्या मध्ये हॉटेल बदलायचं म्हणजे उघडलेल्या बॅगा पुन्हा भरा, चार्जर शोधा, बाथरूममधले ओले पोहण्याचे कपडे पिशवीत कोंबा. या सगळ्यात अर्धा दिवस सहज जातो. त्याच्या बदल्यात काय मिळतंय, हे आधी नीट समजलं पाहिजे.

युनिव्हर्सलमध्ये मिळतो तो एक्स्प्रेस पास. त्यांच्या स्वतःच्या हॉटेलांपैकी पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत राहणाऱ्यांना खोलीच्या भाड्यातच ‘अनलिमिटेड एक्स्प्रेस’ मिळतो. म्हणजे राइडची लांब रांग सोडून वेगळ्या, छोट्या रांगेतून आत जायचं आणि तेही हवं तितक्या वेळा. खोलीच्या बुकिंगवर नाव असलेल्या प्रत्येकाला तो मिळतो, अर्थात खोलीच्या क्षमतेइतक्याच माणसांना. पार्कचं तिकीट मात्र वेगळं काढावं लागतं. एक्स्प्रेस म्हणजे प्रवेश नव्हे, हा घोळ बरेच जण करतात.

खरी गंमत तारखांची आहे. हा पास चेक-इनच्या दिवशी सकाळपासून चेक-आउटच्या दिवशी पार्क बंद होईपर्यंत चालतो. रात्र एक आणि दिवस दोन! खोली दुपारी चारनंतर हातात येते, पण त्यासाठी थांबायची गरज नसते. सकाळीच हॉटेलच्या काउंटरवर जाऊन नोंदणी करायची, बॅगा बेल डेस्कला, म्हणजे सामान सांभाळणाऱ्या काउंटरला द्यायच्या, एक्स्प्रेस घ्यायचा आणि पार्ककडे चालू लागायचं. दुसऱ्या दिवशी अकराला खोली सोडली तरी पास रात्रीपर्यंत चालूच राहतो.

दुसरी बाजूही पक्की लक्षात ठेवा. हा मोफत एक्स्प्रेस फक्त युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडा आणि आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर या दोन पार्कांत चालतो. 22 मे 2025 ला उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या नव्या पार्कमध्ये चालत नाही आणि व्होल्कॅनो बे या वॉटर पार्कमध्येही नाही. आता बहुतेकांच्या सहलीत एपिकचा एक आख्खा दिवस असतोच. त्या दिवशी तुम्ही रॉयल पॅसिफिकमध्ये राहिलात, तर एक्स्प्रेसचे पैसे भाड्यातून देता आणि रांगेत मात्र सगळ्यांबरोबरच उभे राहता. मुक्काम वाटण्याचं माझ्या मते हेच सगळ्यात सबळ कारण आहे. एपिक नव्हतं तेव्हा ‘सगळ्या रात्री रॉयल पॅसिफिक’ या म्हणण्याला थोडा तरी अर्थ होता.

पैशाचं बोलू. भाडी तारखेनुसार इतकी वरखाली होतात की ठाम आकडा देण्यात अर्थ नाही, म्हणून सोयीचे आकडे धरून गणित दाखवतो. समजा, महागड्या हॉटेलची एक रात्र 500 डॉलर आणि स्वस्त हॉटेलची 200. दोन्हींवर साडेबारा टक्के कर, म्हणजे 562 आणि 225. फरक साधारण 337 डॉलर. चार जण, प्रत्येकी दोन दिवस, म्हणजे आठ एक्स्प्रेस. एका पासाला पडले 42 डॉलर. गर्दीच्या दिवसांत तोच पास सुटा घ्यायला गेलात तर माणशी, दर दिवशी शंभर डॉलरच्या वर सहज जातो. तुमच्या तारखांचे खरे आकडे याच जागी घाला आणि उत्तर बघा. आणखी एक खर्च लोक विसरतात: या हॉटेलांत गाडी उभी करायचे रोजचे पैसे वेगळे पडतात. हॉटेलं दोन असली तरी हे चुकत नाही.

माणसं दोनच असतील तर हे गणित लगेच पातळ होतं. तेच 337 डॉलर चार पासांवर पडतात, म्हणजे एकाला 84. तिथे सुट्या पासाचा भाव आधी बघावा.

रॉयल पॅसिफिक आणि दुसरं हॉटेल

तीन महागड्यांतलं रॉयल पॅसिफिकच का? कारण तिघांत ते बहुधा स्वस्त असतं आणि एक्स्प्रेस तिन्हीकडे सारखाच. पोर्टोफिनो बे इटलीतल्या बंदराच्या धर्तीवर बांधलेलं आहे, दिसायला तिघांत देखणं, पण पार्कपासून सगळ्यात लांबही तेच. हार्ड रॉक हे युनिव्हर्सल स्टुडिओजच्या अगदी जवळ. एका रात्रीसाठी, जेव्हा जागेपणीचा सगळा वेळ पार्कातच जाणार आहे, तेव्हा देखणेपणाचे जास्त पैसे मी देणार नाही.

रॉयल पॅसिफिकचा खरा फायदा दुपारी कळतो. बागेतल्या पायवाटेने पार्क चालत दहा-बारा मिनिटांवर आहे, बोटही आहे. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपार झाली की आभाळ भरून येतं आणि वीज कडाडली की उघड्यावरच्या राइड बंद होतात. त्या वेळी बाकीची जनता छपराखाली खेटून उभी असते आणि तुम्ही खोलीत पाय लांब करून पडू शकता. भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील तर ही दोन तासांची वामकुक्षी म्हणजे अख्ख्या सहलीचा प्राण आहे. संध्याकाळी ते ताजेतवाने होऊन परत निघतात, आपणच दमलेले असतो.

त्यामानाने दुसरं, म्हणजे स्वस्त हॉटेल निवडायला वेळ लागतो, कारण तिथे प्रत्येक घराची गरज वेगळी. माझ्या यादीत दोन नावं आहेत.

एपिक हा सहलीचा गाभा असेल तर स्टेला नोव्हा (किंवा त्याचं जुळं भावंड टेरा लुना). दोन्ही 2025 च्या सुरुवातीला उघडली, प्रत्येकात साडेसातशे खोल्या आणि दोन्ही एपिकच्या शेजारी. मूळची दोन पार्कं इथून काही मैल दूर आहेत, तिथे जायला हॉटेलची मोफत बस. एपिकला थेट चिकटून हेलिओस ग्रँड आहे, पार्कात उघडणारा स्वतःचा दरवाजा असलेलं. भाडंही त्याच तोऱ्यातलं असतं आणि त्यात मोफत एक्स्प्रेस मात्र नाही. त्यामुळे ते आपल्या हिशेबात बसत नाही.

घरात सहा माणसं असतील, म्हणजे दोन पोरं, आपण दोघं आणि आजी-आजोबा, तर कबाना बे. पन्नास-साठच्या दशकातल्या अमेरिकन मोटेलच्या थाटाचं हे हॉटेल 2014 मध्ये उघडलं. इथल्या फॅमिली सूटमध्ये सहा जण मावतात आणि छोटासा ओटा, सिंक, मायक्रोवेव्ह, फ्रिज असतो. शाकाहारी मंडळींना या मायक्रोवेव्हची किंमत तिसऱ्या दिवशी कळते. पहिल्या दिवशी पिझ्झा, दुसऱ्या दिवशी पिझ्झा आणि तिसऱ्या दिवशी आजोबा विचारतात, ‘साधा वरणभात नाही का कुठे?’ सँड लेक रोड आणि इंटरनॅशनल ड्राइव्हच्या बाजूला भारतीय हॉटेलं आहेत. तिथून भात-डाळ बांधून आणायची आणि रात्री गरम करून खायची. रॉयल पॅसिफिकच्या साध्या खोलीत ही सोय नाही. शिवाय कबाना बेच्या आवारात आळशीपणे तरंगत फिरायची ‘लेझी रिव्हर’ आहे. पार्क नसलेल्या दिवसाला तेवढं पुरतं.

सहा जणांची मेख मात्र रॉयल पॅसिफिकमध्ये आहे. साध्या खोलीत चौघांची सोय, म्हणजे सहा जणांना दोन खोल्या. इथे थोडा विचार करा. आजी-आजोबा राइडमध्ये बसणारच नसतील तर त्यांना एक्स्प्रेस कशाला? पण मग त्या रात्री ते झोपणार कुठे? त्या रात्रीपुरतं त्यांना कबाना बेमध्येच ठेवायचं म्हटलं तर तिथलं भाडंही चालूच. अशा घरांनी माझं ऐकाल तर सगळ्या रात्री कबाना बेला काढाव्यात आणि राइडवेड्या दोन-तीन जणांपुरता एका दिवसाचा एक्स्प्रेस सुटा घ्यावा.

महागडी रात्र कधी?

पहिली रात्र नको. विमान दुपारी उतरतं, सामान आणि गाडी मिळेपर्यंत चार वाजतात आणि एक्स्प्रेसचा पहिला दिवस वाया जातो. उतरल्या दिवशी स्वस्त हॉटेल, संध्याकाळी हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात डुंबणं, लवकर झोप.

मला पटणारा क्रम असा: शनिवारी दुपारी पोहोचून स्टेला नोव्हा. रविवार पूर्ण एपिक. सोमवारी सकाळी सातच्या आत तिथून निघून रॉयल पॅसिफिक, बॅगा तिथल्या बेल डेस्ककडे आणि लगेच पार्क. मंगळवारी अकराच्या आत खोली सोडून बॅगा पुन्हा तिथेच ठेवायच्या आणि संध्याकाळपर्यंत दुसरं पार्क. परतीचं विमान रात्री उशिराचं असेल तर उत्तम. सकाळचंच मिळत असेल तर आणखी एक रात्र स्वस्त हॉटेलात.

सामान आपणच हलवायचं, असं धरून चाला. त्यासाठी घरूनच दोन भाग करून भरा: रॉयल पॅसिफिकच्या रात्रीची एकच छोटी बॅग आणि बाकीचं सगळं मोठ्या बॅगांत, जे तिथे उघडायचंच नाही. एवढं केलं तर तो अर्ध्या दिवसाचा खर्च तासाभरावर येतो. सोमवार-मंगळवारसाठी तिकीट ‘पार्क टू पार्क’, म्हणजे एकाच दिवशी दोन्ही पार्कांत जाऊ देणारं असू द्या. एक्स्प्रेस असला की एका पार्कातल्या मोठ्या राइड दुपारपर्यंत उरकतात आणि दोन पार्कांना जोडणाऱ्या हॉग्वर्ट्स एक्स्प्रेस या गाडीत तर त्या तिकिटाशिवाय बसताच येत नाही.

हा खटाटोप कोणी कोणी करू नये?

शाळा चालू असताना, म्हणजे सप्टेंबरात किंवा जानेवारी अखेरीस जाणाऱ्यांनी. रांगाच छोट्या असतील तर त्या टाळायला पैसे कशाला? थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि स्प्रिंग ब्रेकला उलट परिस्थिती, तिथे मी डोळे झाकून वाटणी करीन.

लहान पोरं असलेल्यांनीही आधी फूटपट्टी काढावी. वेलोसीकोस्टर या रोलरकोस्टरला उंची 51 इंच लागते, हल्क या दुसऱ्या रोलरकोस्टरला 54. पोरगं 40 इंचांच्या आतलं असेल तर मोठ्या राइड त्याच्यासाठी बंदच. एक पालक बसतो, दुसरा पोराला धरून थांबतो आणि मग रांग न लावता अदलाबदल करता येते. ही सोय सगळ्यांना फुकट असते. अशा घराला एक्स्प्रेसचा फायदा निम्माच होतो.

जाता जाता ऑर्लँडोजवळच्याच डिस्नेचं. युनिव्हर्सलचा हिशेब तिथे लावू नका. डिस्नेच्या कुठल्याही हॉटेलात राहून रांग टाळायचा पास फुकट मिळत नाही आणि अर्धा तास आधी पार्कात सोडण्याची सवलत स्वस्त-महाग सगळ्या हॉटेलांना सारखीच आहे. तिथे लोक मुक्काम वाटतात तो जागेसाठी: काही रात्री मॅजिक किंगडमपासून चालत जाण्याजोगं कंटेम्पररी आणि काही रात्री ॲनिमल किंगडम लॉज, जिथे गवताळ रानाकडची खोली घेतली तर बाल्कनीतून जिराफ दिसतात, पण प्रत्येक पार्कला बसनेच जावं लागतं. बॅगा डिस्नेवाले स्वतः एका हॉटेलातून दुसरीकडे मोफत पोहोचवतात, तेवढा त्रास कमी. पण फक्त जिराफांसाठी हॉटेल बदलत असाल तर थांबा. त्याच लॉजच्या किडानी व्हिलेजमध्ये ‘सना’ नावाचं उपाहारगृह आहे, नान आणि चटण्यांचं मोठं ताट मिळतं आणि खिडकीबाहेर तीच जनावरं चरत असतात. त्यासाठी तिथे राहावं लागत नाही, जेवणाचं आरक्षण पुरतं.