नर डुकराच्या मांसाचा दर्प: खच्चीकरण बरे की नर तसेच वाढवून लवकर विकणे?

वयात आलेल्या नर डुकराच्या मांसाला येणारा उग्र दर्प टाळण्यासाठी नर पिल्ले लहानपणीच खच्ची करावीत की तशीच वाढवून वयात येण्याआधी कापायला द्यावीत, हा निर्णय वराहपालन सुरू करणाऱ्याला पहिल्याच वेताला घ्यावा लागतो. गोव्याच्या सीमेलगत सिंधुदुर्गात लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीची डुकरे पाळताना मी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत आणि आता खच्चीकरणाकडे झुकलो आहे. मात्र दुसऱ्या पद्धतीचे गुणही खरे आहेत.

खच्ची न केलेला नर कमी खाद्यात अधिक मांस धरतो, त्याच्यावर चरबी कमी चढते आणि पिल्लाच्या वाट्याला जखम येत नाही. ब्रिटन व आयर्लंडमध्ये बहुतेक नर असेच वाढवून तुलनेने कमी वजनावर कापतात. त्यांची आपसातली झुंज आणि एकमेकांवर चढणे यांचा त्रास होतो, पण जागा पुरेशी असेल तर तो निभावता येतो.

दर्पाचे तसे नाही. तो मुख्यतः दोन द्रव्यांमुळे येतो. अँड्रोस्टेनोन वृषणांत तयार होऊन चरबीत साठते आणि त्याला मूत्रासारखा वास असतो, तर स्कॅटोल मोठ्या आतड्यातील जिवाणूंमुळे बनते आणि त्याचा वास विष्ठेसारखा असतो. खच्चीकरणाने पहिले थांबते आणि यकृताला दुसऱ्याचा निचरा करणे सोपे जाते. अर्थात शेडची जमीन सतत ओली आणि घाण राहिली, तर मादीच्या मांसातही स्कॅटोलचा वास उतरू शकतो.

माझा निर्णय ज्या गोष्टीने झाला, ती मात्र माणसाच्या नाकाची आहे. हा दर्प थंड मांसात फारसा कळत नाही, चरबी तापली की उसळतो. शिवाय अँड्रोस्टेनोनचा वास अनेकांना जन्मतःच येत नाही, आणि मी त्यांपैकी एक आहे. विक्रीपूर्वी चरबीचा तुकडा तव्यावर तापवून मला काहीच जाणवत नसे, त्याच वेळी माझी पत्नी स्वयंपाकघराच्या खिडक्या उघडत असे. एकाच वेतातल्या, एकाच वजनाच्या दोन भावांपैकी एकाचे मांस निर्दोष आणि दुसऱ्याचे न खाण्याजोगे निघे. जो दोष मला स्वतःला ओळखता येत नाही, त्याची हमी मी गिऱ्हाइकाला कशी देणार, हा प्रश्न मला सतत सलत राहिला. खच्ची केलेल्या जनावरांबाबत अशी तक्रार माझ्यापर्यंत आलेली नाही.

त्यांच्यावर अधिक चढणारी चरबीही आमच्याकडे वाया जात नाही, कारण गोव्याचे चोरिस, म्हणजे मसालेदार सॉसेज, करणाऱ्यांना ती हवीच असते.

वृषणांचे काम तात्पुरते थांबवून दर्प रोखणाऱ्या लसीच्या इंजेक्शनचा तिसरा मार्गही आहे. ही लस ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये 1998 पासून आणि युरोपीय संघात 2009 पासून मान्य आहे. तिचे दोन डोस किमान चार आठवड्यांच्या अंतराने देतात आणि दुसरा कत्तलीपूर्वी साधारण चार ते सहा आठवडे द्यावा लागतो. सुई चुकून टोचल्यास माणसाच्या संप्रेरकांवरही परिणाम होऊ शकतो, म्हणून खास सुरक्षित सिरिंज लागते. माझ्या परिसरात ही लस मला मिळाली नाही, अन्यथा मी तिचा गांभीर्याने विचार केला असता.

कारण खच्चीकरणात वेदना आहे, हे नाकारता येणार नाही. जर्मनीत 2021 पासून भूल दिल्याशिवाय ते करता येत नाही, आणि मला तो नियम योग्य वाटतो. पिल्ले पहिल्या आठवड्यात असतानाच पशुवैद्यकाकडून, भूल व वेदनाशामक देऊन हे काम करून घ्यावे. हर्निया असलेले, म्हणजे आतडे अंडकोशात उतरलेले, पिल्लू आधीच बाजूला काढावे, नाहीतर चीर दिल्यावर आतडे बाहेर येण्याचा धोका असतो.

तरीही नर तसेच ठेवायचे ठरवलेत, तर प्रत्येक जनावराची चरबी ज्याला हा दर्प नक्की येतो अशा माणसाकडून तापवून तपासून घ्या. ज्यात तो आढळेल ते मांस भाजण्यासाठी विकू नका. व्हिनेगर आणि मसाल्यात मुरणाऱ्या सोरपोतेलसारख्या पदार्थांसाठी द्या, आणि तेही गिऱ्हाइकाला सांगूनच.