रिस्ट, थंब बटन की हिंज? नागपूरच्या धुळीत कोणता रिलीज परवडतो

२०२३ ला आपला ओजस देवतळे बर्लिनला कंपाउंड धनुष्याच्या तिरंदाजीत वर्ल्ड चॅम्पियन झाला तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारून राहिले, रिलीज कोणता घेऊ, म्हणजे धनुष्याची दोरी बोटांऐवजी ज्या हुकवाल्या यंत्रानं ओढून सोडतात ते. देखभालीचं कोणीच विचारत नाही, आणि इथं मे महिन्यात धूळ अन् घाम, जुलैत सगळं दमट, म्हणजे आधी तेच बघायला पाहिजे.

रिस्टवाला, म्हणजे मनगटाला पट्ट्यानं बांधायचा, शिकायला सोपा. यंत्रापेक्षा पट्टा आधी जातो, घामानं कडक होतो, वेल्क्रोत तूस भरलं की पकड सुटते. म्हणून बकलवालाच घ्या, पट्टा साध्या साबणानं धुवा, सावलीत वाळवा.

थंब बटन, म्हणजे अंगठ्यानं बटन दाबून सोडायचा, माझा आवडता, पण त्यानंच मला धडा दिला. मागच्या मे मध्ये दोरी अर्धी ओढली अन् हा आपोआप सुटला, मूठ थेट ओठावर, बाण बटच्या (निशाण लावतात त्या ठोकळ्याच्या) वरून गेला, नशीब मागं कोणी नव्हतं. मोबाईलच्या टॉर्चमध्ये बघितलं तर हुकच्या बुडाशी काळा चिखल, मीच आधी शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं, त्यात धूळ बसली, हुक बंद दिसायचा पण पूर्ण अडकायचाच नाही. तेव्हापासून तेल बंद, रोज कोरड्या टूथब्रशनं झटकतो आणि स्क्रूवर नेलपॉलिशची बारीक रेघ मारून ठेवलीय, स्क्रू जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

हिंजला बटन नसतं, हात वळवला की तो सुटतो. त्यात पार्ट कमी, साफ करायला पाच मिनिटं. पण हुक अडकवून धरणाऱ्या त्याच्या अर्धचंद्राच्या आकाराच्या पार्टची कड झिजली की सेटिंग बदलतं, आणि ओढताना हात थोडा वळला तरी सुटतो, त्यामुळे कोच शेजारी नसेल तर पहिला रिलीज म्हणून हा नकोच.

कुठलाही घ्या, हुकवरून कापसाचा बोळा फिरवून बघा, कापूस अडकला म्हणजे तिथं बारीक धार आलीय आणि ती तुमचा डी-लूप, म्हणजे धनुष्याच्या दोरीवरचा हुक अडकवायचा छोटा फास, कापून राहिली. लूपला पांढरं तूस दिसलं तर त्याच दिवशी बदला. अन् बो हातात घ्यायच्या आधी जाड दोरीचा लूप करून त्यावर रिलीज पाच-सहा वेळा ओढून सोडून बघा.

पहिलाच असेल तर माझं मत बकलवाला रिस्ट. थंब बटन तेव्हाच, जेव्हा रोज दोन मिनिटं ब्रश मारायची तयारी असेल. आणि सोबत ॲलन कीचा इंचवाला सेट पण घ्या, बऱ्याच अमेरिकन रिलीजचे स्क्रू इंचातले असतात, त्यात एमएमची की फिरवली की खाच गोल होऊन बसते.