वडिलांच्या लहानपणचं पुस्तक शोधताना: हातीट्रस्ट, वर्ल्डकॅट आणि इंटरनेट आर्काइव्हचा वापरानंतरचा अनुभव

नाव आठवत नाही, लेखक आठवत नाही, पण गोष्ट डोक्यातून जात नाही, असं पुस्तक शोधायचं असेल तर नेहमीच्या सर्चमध्ये अडकून पडू नका. वडिलांनी लहानपणी वाचलेलं एक इंग्रजी पुस्तक शोधायला मी गेले काही महिने ही तिन्ही संकेतस्थळं सतत वापरली आणि पुस्तक सापडलं. त्यात सगळ्यात मोठा वाटा हातीट्रस्टचा. फारसं कुणी हे नाव घेत नाही, म्हणून आधी त्याबद्दल.

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी मिळून २००८ मध्ये हातीट्रस्ट हा स्कॅन केलेल्या पुस्तकांचा ऑनलाइन संग्रह सुरू केला. कॉपीराइट असलेली पुस्तकं तिथे वाचता येत नाहीत, पण त्यांच्या आतला मजकूर शोधता येतो. दिलेला शब्द कोणत्या पानावर किती वेळा आलाय एवढंच दिसतं, वाक्य दिसत नाही. ऐकायला हे तुटपुंजं वाटेल, पण हरवलेल्या पुस्तकाला तेवढं पुरतं.

बाबांना आठवत होतं ते एवढंच: दीपगृहात राहणारी मुलगी, ‘कर्नल’ नावाचा बोकड, वादळात बुडणारी होडी आणि निळं कव्हर. यातलं कथानक शोधून काही हाती लागत नाही, कारण ‘दीपगृहात राहणारी मुलगी’ हे आपलं वर्णन झालं. लेखकाने ते शब्द वापरलेले असतीलच असं नाही. नाव मात्र पुस्तकात छापलेलं असणारच. नुसतं ‘कर्नल’ टाकलं की युद्धाच्या इतिहासांचा ढीग समोर येतो. त्याला बोकड आणि दीपगृह जोडलं, प्रकाशनाचं वर्ष बाबांच्या शाळेच्या काळापर्यंतच ठेवलं, की यादी एकदम आटोपशीर होते. मग पानांचे आकडे बघायचे. एका पुस्तकात ‘कर्नल’ सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ दर दुसऱ्या पानावर होता, आणि बोकडही त्याच पानांवर. म्हणजे तो येता-जाता भेटणारा लष्करी अधिकारी नव्हता, गोष्टीतलं पात्र होतं. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही.

कव्हरच्या रंगावर फार विसंबू नका. वाचनालयं पुस्तकांची पुन्हा बांधणी करतात, वरचं जॅकेट फाटून जातं, नव्या आवृत्तीत रंग आणि कधी चित्रकारही बदलतो.

नाव कळलं की वर्ल्डकॅट. जगभरातल्या ग्रंथालयांची ही एकत्रित सूची १९७१ पासून चालू आहे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या प्रत्येक आवृत्तीचा ओळखक्रमांक, हे आंतरराष्ट्रीय मानक झालं १९७० मध्ये, त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकावर तो क्रमांक मिळेल अशी आशा ठेवू नये. नाव, प्रकाशक, वर्ष आणि पानांची संख्या यांवरूनच आवृत्ती ओळखावी लागते. एकच गोष्ट ब्रिटन आणि अमेरिकेत वेगळ्या नावांनी छापलेली असू शकते, हेही तिथेच लक्षात येतं. चॅटबॉट मदतीला घेत असाल तर त्याने सुचवलेलं प्रत्येक नाव इथे तपासाच. अस्तित्वातच नसलेली पुस्तकं तो अगदी खात्रीने सांगतो.

खात्री पटली ती इंटरनेट आर्काइव्हवर. खातं मोफत आहे आणि स्कॅन केलेली बरीच पुस्तकं तासाभरासाठी उसनी मिळतात. चार प्रकाशकांनी २०२० मध्ये केलेल्या खटल्यानंतर पाच लाखांहून जास्त पुस्तकं या उसनवारीतून काढावी लागली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण न्यायालयाच्या मनाईचा रोख मुख्यतः ज्यांची ई-आवृत्ती बाजारात आहे अशा पुस्तकांवर होता, त्यामुळे कधीच पुन्हा न छापलेल्या जुन्या बालपुस्तकांसाठी तिथे आवर्जून बघावं. मजकूर शोधताना स्पेलिंग थोडं बदलूनही पाहा. जुनी छपाई यंत्राला नीट वाचता येत नाही, शेजारी आलेली इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ ही अक्षरं ‘एम’ होऊन बसतात.

स्कॅन उघडून मी टॅब बाबांच्या हातात दिला. त्यांनी एक ओळही वाचली नाही, नुसती पानं सरकवत गेले आणि एका चित्रावर थांबले: बोकड झेंड्याची दोरी चावतोय आणि मुलगी त्याचं शेपूट धरून ओढतेय. “हेच!” मग ते पहिल्या पानावर गेले आणि तास संपेपर्यंत टॅब काही परत मिळाला नाही.

होडी मात्र या गोष्टीत बुडत नाही. ती दुसऱ्या कुठल्या तरी पुस्तकातली असणार असं बाबांचं म्हणणं आहे, आणि त्या होडीचं नाव त्यांना आठवलं की मी पुन्हा हातीट्रस्टपासूनच सुरुवात करणार आहे.