एका दोरीवर एकाहून अधिक ल्युअर: कोणती जोडणी कोणासाठी?

एका दोरीवर दुसरे ल्युअर, म्हणजे माशाला भुलवणारे कृत्रिम आमिष, बांधण्याचा विचार बहुतेक जण एका वेळी दोन मासे मिळावेत म्हणून करतात. तसे कधी कधी घडतेही. थव्यातला एक मासा गळाला लागून धडपडू लागला, की त्याच्या मागे आलेला दुसरा मासा मोकळ्या ल्युअरवर झडप घालतो. माझ्या मते मात्र दुसऱ्या ल्युअरचा खरा उपयोग माहिती मिळवण्यासाठी आहे. एकाच फेकीत दोन रंग, दोन आकार किंवा पाण्याचे दोन थर तपासून होतात, आणि मासे त्या दिवशी काय घेत आहेत हे निम्म्या वेळात कळते. या लाभासाठी वाढीव गाठी, गुंता आणि फेकीतले कमी झालेले अंतर सोसावे लागते. ते किती सोसावे लागेल हे ल्युअरच्या संख्येपेक्षा दोरी पाण्यात कशी जाते यावर अधिक ठरते.

दोरी सरळ खाली सोडायची असेल, म्हणजे होडीतून किंवा धक्क्यावरून गरवायचे असेल, तर अनेक ल्युअरची माळ सर्वांत निर्धोक ठरते. टोकाला शिसे असल्यामुळे दोरी ताठ राहते आणि मुख्य दोरीतच पाडलेल्या आडव्या फासांवरची ल्युअरे बाजूला उभी राहतात. बांगड्यासारख्या थव्याने फिरणाऱ्या माशांसाठी वापरली जाणारी साबिकी ही याच जातीची तयार माळ असून तिच्यावर बहुधा सहा बारीक गळ असतात. माळ स्वतः बांधायची झाल्यास शेजारच्या दोन फासांची लांबी मिळून त्यांच्यातील अंतरापेक्षा कमी ठेवावी. उदाहरणार्थ, फास 12 सेंटिमीटरचे असतील तर अंतर 30 सेंटिमीटर पुरते. फासाच्या गाठीमुळे दोरीची ताकद बरीच घटते, म्हणून दोरी एक-दोन क्रमांक जाड घ्यावी आणि मोठ्या माशांची शक्यता असेल तिथे सहाऐवजी दोनच गळ ठेवावेत.

काठावरून लांब फेकायचे असेल, तर हिशेब पूर्ण बदलतो आणि चुका सर्वाधिक इथेच होतात. फेकीत जड वस्तू पुढे धावते व हलकी मागे खेचली जाते, म्हणून जड ल्युअर दोरीच्या टोकालाच हवे आणि हलके ल्युअर त्याच्या वर साधारण अर्धा मीटरवर. उलट जोडणी केल्यास दोन्ही ल्युअरे हवेतच एकमेकांभोवती गिरक्या घेतात. वरच्या ल्युअरसाठी 10 ते 15 सेंटिमीटरची आखूड बाजूदोरी पुरे होते, आणि ती थोडी जाड व ताठ घेतली तर मुख्य दोरीला सहसा गुंडाळली जात नाही. वर पिसांची माशी (गळावर पिसे बांधून केलेले हलके आमिष) किंवा एकेरी गळाचे लहान रबरी ल्युअर बांधावे. तिथे तिहेरी गळाचे दुसरे प्लग, म्हणजे माशाच्या आकाराचे कडक ल्युअर, लावण्याच्या मी ठाम विरोधात आहे, कारण ते दोरीला, जाळीला आणि हाताला सारखेच अडकते. छोट्या ल्युअरमागे मोठे ल्युअर येताना पाहून एक मासा दुसऱ्याचा पाठलाग करतो आहे असे शिकारी माशाला वाटते, ही या जोडणीची मोठी जमेची बाजू आहे.

ही बाजूदोरी जोडण्यासाठी तीन कड्यांची भोवरी (मोकळी फिरणारी धातूची जोडकडी) वापरावी, की नुसती गाठ? भोवरीने काम लवकर होते आणि दोरीला पीळ कमी बसतो, पण तिचे वजन हलक्या ल्युअरची चाल बिघडवते. दोन दोऱ्या एकत्र धरून मारलेल्या सर्जन गाठीचे एक शेपूट लांब ठेवले, तर वेगळ्या कडीची गरज उरत नाही. वरच्या दोरीचे खाली वळलेले शेपूटच यासाठी वापरावे, म्हणजे त्यावर लागलेल्या माशाची ओढ थेट वरच्या दोरीवर येते. पहिल्या ल्युअरच्या मागच्या गळालाच दुसरे बांधण्याची पद्धत प्लगच्या बाबतीत टाळावी, कारण त्याचे डोलणे त्यामुळे मंदावते.

वाहत्या उथळ पाण्यात माशीने गरवणाऱ्यांसाठी मात्र हीच पद्धत उत्तम चालते. तरंगत्या माशीच्या गळाच्या बाकाला 30 ते 60 सेंटिमीटर बारीक दोरी बांधून खाली बुडणारी माशी सोडली, की वरची माशी पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेचेही काम करते.

छत्रीसारख्या पाच तारांची जोडणी या सर्वांपेक्षा वेगळी आहे. ती जुनीच, पण 2011 मध्ये अमेरिकेतील गंटर्सव्हिल तलावावरील स्पर्धा पॉल इलायस यांनी तिचाच अलाबामा रिग नावाचा प्रकार वापरून जिंकली, तेव्हा तिच्याकडे सर्वांचे लक्ष गेले. लहान माशांचा थवाच पोहत असल्याचा भास ती निर्माण करते. मात्र प्रत्येकी 7 ग्रॅमची पाच जिग डोकी (वजनदार डोके असलेले गळ) धरली तरी 35 ग्रॅम होतात, आणि सांगाडा व रबरी शेपट्यांचे वजन वेगळे. त्यामुळे ताकदवान काठी आणि जाड दोरी नसेल तर हा पर्याय सोडून द्यावा. झुडपे व दगड असलेल्या पाण्यात ती अडकली, तर एका झटक्यात पाच ल्युअरे जातात. शिवाय एका दोरीवर किती गळ चालतील याचे नियम जागोजाग वेगळे असतात. जिथे संख्या कमी आहे तिथे काही तारांवर गळाविना ल्युअर लावतात.

नवशिक्याने सुरुवात सरळ खाली सोडायच्या दोन गळांच्या माळेने करावी, आणि काठावरून फेकणाऱ्याने एक ल्युअर न गुंतता टाकता येऊ लागल्यावरच बाजूदोरीकडे वळावे. जोराचा वारा किंवा अंधार असेल, तर दोघांनीही एकच ल्युअर ठेवावे. निर्णय कोणताही असो, सर्वांत वरच्या ल्युअरपासून टोकापर्यंतची लांबी काठीपेक्षा बरीच कमी ठेवावी. अन्यथा वरचे ल्युअर काठीच्या शेंड्याच्या कडीत अडकते, खालचा मासा हाताच्या टप्प्याबाहेर लोंबकळत राहतो आणि त्याला ओढून घेताना मोकळा गळ बोटात रुतण्याची भीती असते. म्हणून मासा लागला की आधी मोकळे ल्युअर कुठे आहे ते पाहावे आणि मगच जाळीकडे हात न्यावा.